उसाच्या फडातली झडती



ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यातल्या चिंचोली एमआयडीसीत, ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखाना सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभला पुणे पोलिसांनी त्याच ‘एमडी’चा प्रचंड साठा पकडला. या धंद्याने पोरं नासतात. त्याबद्दल मला तिळमात्र दयामाया नाही, आणि म्हणूनच झडती कायद्याबरहुकूम व्हावी असा माझा आग्रह आहे. ती तशी झाली नाही तर खरा गुन्हेगार कोर्टातून हसत बाहेर येतो आणि एखादा गरीब मात्र वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत राहतो.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचं कलम ४२ घर, गोठा, गाडी अशा ठिकाणांच्या झडतीचं आहे. एकटा शिपाई येऊन घर उचकटू शकत नाही. अधिकाऱ्याने मिळालेली खबर लिहून काढायची आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवायची. दिवस मावळल्यावर वॉरंटशिवाय आत शिरायचं, तर त्याची कारणं आधी नोंदवायची. अंगझडतीसाठी कलम ५० आहे. ‘राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती व्हावी, असा तुमचा हक्क आहे,’ हे पोलिसांनी आपणहून सांगितलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये विजयसिंह जडेजा खटल्यात बजावलं. मात्र हातातल्या पिशवीला हे कलम लागत नाही. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. ऊस पुरुषभर वाढला की आत काय लावलंय ते बांधावरून दिसत नाही. छाप्यात गांजाची झाडं उपटतात, मोळ्या बांधतात आणि काट्यावर टाकतात. मुळं, त्यांना चिकटलेली ओली माती, देठ, पानं, सगळं एकत्र! कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. लागवडीचा गुन्हा वजनावर अवलंबून नाही, त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहेच. पण गांजा २० किलोवर गेला की तो व्यापारी प्रमाणात मोडतो. मग शिक्षा किमान १० वर्षं आणि जामीन महाकठीण. मातीच्या चार किलोंनी माणसाचं आयुष्य बदलू शकतं, म्हणून त्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं पाहिजे.

बांधाच्या भांडणातून कोणी खोटी खबर दिली आणि त्यावरून झडती किंवा अटक झाली, तर खबर देणाऱ्याला कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विनाकारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. माझ्या मते हा दंड फारच तोकडा आहे.

१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. तरी पंचाची जागा मोबाईल घेऊ शकत नाही. आपल्याकडे पंच व्हायला कोणी धजत नाही. कोर्टाच्या खेपा नकोत, वैर नको. मग पोलीस नेहमीचाच माणूस आणतात आणि उलटतपासणीत तो फुटतो. तेव्हा मंडळी, पंच म्हणून बोलावणं आलं तर जा. वजन डोळ्यांदेखत करायला लावा, सील लागेपर्यंत जागेवरून हलू नका, आणि पंचनामा पुरता वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.