महालक्ष्म्यांच्या पानावरील आंबील

भाद्रपदाच्या शुद्ध पक्षात, अनुराधा नक्षत्रावर, वाशीम जिल्ह्यातील अनेक घरी ज्येष्ठा-कनिष्ठांचे आगमन होते. इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात, त्यांनाच वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणण्याची चाल आहे. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा साधा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा व महानैवेद्य, आणि मूळ नक्षत्रावर निरोप, असा हा तीन दिवसांचा पाहुणचार असतो. श्रोतेहो, या महानैवेद्याचे पान म्हणजे केवळ पक्वान्नांची गर्दी नव्हे. त्यातील बहुतेक पदार्थांना काही सांगावयाचे असते.

सोळा हा अंक या व्रताचा प्राण होय. सोळा भाज्या एकत्र शिजवितात, आरतीस पुरणाचे सोळा दिवे लावतात आणि हळदीने पिवळा केलेला सोळा गाठींचा दोरा पूजेत ठेवतात. भाज्यांची ती संख्या भरून काढताना परसातील दोडके, पडवळ, भोपळा, गवार यांपैकी काहीच क्षुद्र म्हणून वगळता येत नाही. देवींच्या मस्तकावर फुलोरा टांगतात. करंज्यांबरोबर त्यात तळलेल्या कणकेची वेणी-फणीही असते. माहेरवाशिणीच्या साजशृंगाराचीच ही खाद्यरूप आवृत्ती नव्हे काय?

अन्नाला अर्थ देण्याची ही रीत दूरदेशीही आढळते. चीन देशात नववर्षाच्या आदल्या रात्री सारे कुटुंब एकत्र जेवते. तेथे मासा हवाच. कारण चिनी भाषेत मासा आणि शिल्लक या दोहोंचा उच्चार एकच, ‘यू’. कित्येक घरी तो मासा मुद्दाम पुरता संपवीत नाहीत. वर्षाची शिल्लक दुसऱ्या दिवसाकडे पोचावी, हा त्यातील संकेत. करंजीसारखे मुडपून केलेले च्याओझ् जुन्या काळच्या सोन्यारुप्याच्या लगडींची आठवण देतात.

चिनी गृहिणी जी शिल्लक शब्दश्लेषाने सुचविते, ती वाशीमकडची गृहिणी प्रत्यक्ष पानात वाढीत असे. आंबील हा दिसण्यात अगदी गरीब पदार्थ. ज्वारीचे पीठ ताकात शिजवावे, एवढीच त्याची मुख्य कृती. परंतु भाद्रपदात खरिपाची ज्वारी शेतात पोटरीत किंवा फुलोऱ्यात असते. ती घरात यावयाची दिवाळीच्या सुमारास. तेव्हा नैवेद्याची आंबील होते ती मागील सालच्या दाण्याची. आषाढ-श्रावणाची ओढ सोसूनही कणगीच्या तळाशी धान्य उरले, याची ती साक्ष होय. कित्येक घरी देवींचे मुखवटे ज्यांवर बसवितात त्या कोठ्यांतही धान्यच भरतात. म्हणजे लक्ष्मीचे शरीर हेच धान्याचे कोठार.

आज ही साक्ष दुर्बळ झाली आहे. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आता मुख्यत्वे सोयाबीनचा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्यात जावे, खरिपात तेच पीक डोळ्यांत भरते. सोयाबीन कणगीत जात नाही, बाजारात जाते. त्याने हाती रोख पैसा येतो, आणि मुलांची शिक्षणे व कर्जाचे हप्ते पैशानेच भागतात. म्हणून शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्वारीवर पाखरे तुटून पडतात, राखण करण्यास माणूस मिळत नाही, हेही खरेच. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले व ज्वारीची थोरवी पुष्कळ गायिली गेली. परंतु थोरवीने कणगी भरत नाही. परिणामी, आंबिलीचे पीठ पुष्कळदा दुकानातून येते. पदार्थ तोच, चवही तीच. मात्र तो ज्या गोष्टीची ग्वाही देत असे, ती घरात उरलेली नाही.

नैवेद्य बंद पडला नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि त्याचा अर्थ टिकावा असे ज्यांस वाटते, त्यांना उपाय अगदीच दुर्लभ नाही. शेतकरी कुटुंबांनी वावराच्या एका कोपऱ्यात घरापुरती ज्वारी पेरावी. शहरातील गृहिणींनी दिवाळीनंतर गावाकडून दोन पायल्या नवी ज्वारी मागवून ती उन्हे देऊन, कडुनिंबाचा पाला घालून जपावी आणि पुढल्या भाद्रपदात तीच दळावी. वर्षभर एक डबा न उघडता ठेवणे, एवढाच हा संयम. आणि शिल्लक म्हणजे काय, हे घरातील लहान मुलांना त्या डब्यावरून सहज समजेल.