भाड्याच्या जाहिरातीत विजेचा आकडा

सभागृहातले ऊर्जा लेखापरीक्षक, वास्तुविशारद, इमारतींची देखभाल सांभाळणारे अभियंते व मालमत्ता सल्लागार मित्रहो,

वेळ थोडा आहे, म्हणून एकाच मागणीवर बोलतो.

ऑफिसची जागा भाड्याने घेताना काय विचारलं जातं, ते तुम्हाला ठाऊक आहे. कार्पेट एरिया किती, लॉक-इन किती वर्षांचा, पार्किंग किती, जनरेटर पूर्ण लोड घेतो का. सीएएमच्या दरावरून तर बैठकांमागून बैठका होतात. पण त्या दरात चिलर, पंप आणि लिफ्ट यांच्या विजेचा वाटा किती, गेल्या वर्षी इमारतीने किती युनिट जाळली, हे क्वचितच कोणी विचारतं. दीड टनाचा एसी स्टार लेबलशिवाय दुकानात विकता येत नाही. शेकडो टनांचा चिलर प्लांट असलेली अख्खी इमारत मात्र एकही आकडा न सांगता भाड्याने जाते.

याचं मूळ व्यवहारात आहे. चिलर निवडतो मालक, बिल भरतो भाडेकरू. चांगल्या यंत्राचा जादा खर्च मालकाला भाड्यातून परत मिळत नाही, कारण ते चांगलं आहे हे भाडेकरूला दिसतच नाही.

ऑस्ट्रेलियाने 2010 साली यासाठी कायदा केला. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरपासून 2,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठी कार्यालयीन जागा विकायची, भाड्याने अथवा पोटभाड्याने द्यायची तर तिचं ऊर्जा मानांकन उघड करणं बंधनकारक झालं. 1 जुलै 2017 पासून ही मर्यादा 1,000 चौरस मीटरवर आली. मानांकन जाहिरातीतच छापावं लागतं आणि प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही पाहता येतं.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते मोजमाप. तिथलं ‘नेबर्स’ मानांकन नकाशावरून ठरत नाही, बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावरून ठरतं. त्यात मध्यवर्ती वातानुकूलन, लिफ्ट, लॉबीचे दिवे अशा मालकाच्या हातातल्या सेवा वेगळ्या धरता येतात. भाडेकरूचे संगणक त्यात मिसळत नाहीत, त्यामुळे मालकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. ब्रिटनमध्येही प्रमाणपत्र लागतं, पण ते गणिताने काढलेलं असतं आणि दहा वर्षं चालतं. या दोन वाटांपैकी मी ठामपणे ऑस्ट्रेलियाच्या बाजूने आहे. आपल्यापैकी अनेकांनी एएचयूच्या पॅनलवरचा सिलेक्टर ‘ऑटो’ऐवजी ‘हँड’वर राहिलेला पाहिला असेल. कधीतरी उकाड्याची तक्रार आली, कोणीतरी तो फिरवला आणि मग रिकाम्या मजल्यावर रविवारी रात्रीही पंखा फिरत राहिला. डिझाइनच्या कागदावर हे कधीच येत नाही. वर्षभराच्या मीटरवर येतं.

आपल्याकडे साधन नाही असं नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची कार्यालयीन इमारतींची स्टार योजना 2009 पासून आहे आणि तीही दर चौरस मीटरमागच्या वार्षिक प्रत्यक्ष युनिटांवर, हवामानाचा विभाग पाहून तारे देते. पण ती ऐच्छिक आहे. ज्यांचे आकडे चांगले ते अर्ज करतात, बाकीचे गप्प बसतात. जाहिरातीतून माहिती देण्याची सवयही महाराष्ट्राला लागली आहे. महारेराने 1 ऑगस्ट 2023 पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. रेरा भाडेकरारांना लागू नाही, म्हणून इथे वेगळी तरतूद लागेल.

अडचण एकच खरी वाटते. आपल्याकडे कितीतरी इमारतींत एकेक ऑफिस वेगळ्या मालकाला विकलेलं असतं, मग चिलरची जबाबदारी कोणाची? ऑस्ट्रेलियानेही अशा इमारतींना सूट दिली आहे. आपणही एकाच मालकाच्या मोठ्या इमारतींपासून आणि आयटी पार्कांपासून सुरुवात करावी. तिथे मीटर आहेत, बिलं आहेत, ती वाचणारी माणसं या सभागृहात बसली आहेत.

दुपारच्या सत्रात ठराव येईल: महाऊर्जा आणि राज्याच्या ऊर्जा विभागाने अशा इमारतींच्या विक्रीच्या व भाड्याच्या जाहिरातीत प्रत्यक्ष वापरावर आधारलेले तारे सक्तीचे करण्यासाठी पावलं उचलावीत. तो एकमताने मंजूर करा. आणि कायदा येईपर्यंत थांबू नका. तुमच्या हातून जाणाऱ्या पुढच्या भाडेकराराला बारा महिन्यांची वीजबिलं जोडायला सांगा.