हाड कुणाला आपलं म्हणतं?



कण्यातली झिजलेली चकती काढली, की दोन मणक्यांमध्ये एक छोटा पोकळ ठोकळा बसवतात. सर्जन त्याला ‘केज’ म्हणतात. पोकळीत हाडाचा चुरा भरायचा आणि काही महिन्यांत दोन्ही मणके सांधून एक व्हायचे, अशी योजना. वाद आहे तो केज कशाचा असावा यावर. टायटॅनियमचा, की ‘पीक’ नावाच्या प्लॅस्टिकचा?

टायटॅनियमची बाजू भक्कम आहे. हा धातू पोलादापेक्षा बराच हलका आणि शरीरात गंजतही नाही. 1950च्या दशकात स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी सशाच्या पायात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला घेतलं, तर ते निघेचना. हाडाने ते धरून ठेवलं होतं! 1965 मध्ये त्यांनी याच धातूचे खिळे माणसाच्या जबड्यात बसवले. आजचे दातांचे इम्प्लांट त्यातूनच आले.

मग प्लॅस्टिक कशाला? कारण धातू फार ताठ. हाडाच्या कठीण कवचाचा ताठरपणा पंधरा-वीस गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा सुमारे 110, पीकचा जेमतेम साडेतीन-चार. हाडावर भार पडत राहिला तरच ते भक्कम राहतं. सगळा भार धातूनेच उचलला, तर हाड विरळ होऊ लागतं. शिवाय ताठ केज ठिसूळ मणक्यात रुतण्याची धास्ती असते.

पीक म्हणजे बादलीचं प्लॅस्टिक नव्हे. 1970च्या दशकाअखेर ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत ते घडलं. ते वितळतं 343 अंश सेल्सिअसला. विमानाच्या भागांतही ते वापरतात. एक्स-रेत ते दिसत नाही, त्यामुळे आत हाड जुळतंय का, हे डॉक्टरांना नीट पाहता येतं. धातू मात्र सीटी स्कॅनवर चकाकणाऱ्या रेघा उमटवतो.

पण हाडाला पीकचं काही सोयरसुतक नाही. ते त्याला चिकटत नाही, मध्ये तंतूंचा पातळ पडदा राहून जातो. यावर निघालेली तोड मला मोठी गमतीची वाटते. पीकवर टायटॅनियमचा लेप चढवतात, आणि टायटॅनियम थ्रीडी छपाईने सच्छिद्र करून त्याचा ताठरपणा उतरवतात. दोघेही एकमेकांचे गुण उसने घेऊ लागलेत!

त्यातही लेपाची एक अडचण आहेच. केज हातोडीने ठोकून बसवताना तो खरवडला जाऊ शकतो. आणि मणकाच विरळ झाला असेल, तर केज कुठलाही निवडा, रुतण्याचा धोका उरतोच. म्हणून उतारवयातल्या रुग्णाने शस्त्रक्रियेआधी हाडांची घनता तपासून घेण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.