मधुमेही मनुष्याची उन्हाळ्यांतील तहान

होळी पेटली कीं नागपुरांत घरोघर माठ बदलण्याची घाई सुरू होते. गेल्या वर्षीच्या माठाचीं सूक्ष्म छिद्रें क्षारांनीं बुजलेलीं असतात. त्यांतून पाणी पाझरत नाहीं, आणि पाझरल्यावांचून तें गार होत नाहीं. म्हणून नवा माठ येतो, त्याच्या खालीं वाळूचा थर पडतो, वर ओलें फडकें गुंडाळलें जातें, आणि पाण्यांत वाळ्याची जुडी सोडली जाते. पुढें चैत्र सरतो, वैशाख तापूं लागतो, आणि मे महिन्याच्या अखेरीस नवतपा येतो. ४५ अंश सेल्सिअस हा आंकडा या शहरास परका नाहीं; २३ मे २०१३ रोजीं तर पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत सीताबर्डीहून इतवारीकडे जो निघाला, त्याला वाटेंत रसवंतीचीं घुंगरें ऐकूं येतात, रंगीत गोळ्यांच्या गाड्या दिसतात, बर्फांत पुरलेल्या बाटल्या दिसतात. निरोगी मनुष्यापुढें एवढाच प्रश्न असतो कीं, यांतलें काय प्यावें? मधुमेही मनुष्यापुढें प्रश्न निराळा असतो. तो मान वळवून पुढें जातो, आणि पुष्कळदां घरीं पोंचेपर्यंत तहान मारीत राहतो.

असे लोक थोडेथोडके नाहींत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे, आणि सुमारें १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. तेव्हां हा प्रश्न एखाद्या घराचा नसून बहुतेक प्रत्येक घराचा आहे. त्याचें उत्तर एका वाक्यांत सांगावयाचें तर असें कीं, मधुमेही मनुष्यानें उन्हाळ्यांत गोडी सोडावयाची आहे, पाणी नव्हे. परंतु हें वाक्य आचरणांत कसें आणावें, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

तहान दोन प्रकारची असते. एक उन्हाची. शरीर घाम गाळून आपणांस थंड ठेवतें, आणि गेलेलें पाणी परत मागतें. दुसरी साखरेची. रक्तांतील साखर दर १०० मिलीलिटरांस सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर चढली कीं मूत्रपिंडांस ती सगळी अडवितां येत नाहीं. ती लघवीवाटे बाहेर पडूं लागते आणि जातांना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. मग घसा कोरडा पडतो. निरोगी मनुष्यास उन्हाळ्यांत पहिली तहान लागते; ज्याची साखर आटोक्यांत नाहीं, त्यास दोन्ही एकदम लागतात. अशा वेळीं त्यानें गोड सरबत घेतलें, तर पहिली तहान घटकाभर शमते आणि दुसरी वाढते. तासाभरानें तो पुन्हां पाणी मागतो. पुन्हां गोड दिलें, तर तेंच चक्र पुन्हां फिरतें. उलट, भीतीनें त्यानें पिणेंच कमी केलें, तर अंगांतील पाणी आटतें, रक्त दाट होतें आणि साखरेचें प्रमाण त्यानेंहि वाढतें. ज्यांचा मधुमेह जुना आहे, त्यांच्यापैकीं कांहींच्या नसा दुर्बळ होऊन घाम नीट येत नाहीं. अशांस उष्माघाताचें भय इतरांहून अधिक असतें.

आतां गोड पेयांत साखर असते तरी किती, तें पाहूं गेल्यास मन चकित होतें. चहाच्या एका सपाट चमच्यांत सुमारें ४ ग्रॅम साखर मावते. बाजारांतील फसफसणाऱ्या गोड पेयाच्या ३०० मिलीलिटरांच्या बाटलींत ३० ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. उंसाच्या रसाचा एक पेला घेतला, तरी हिशेब फारसा वेगळा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें आहे कीं, साखरेपासून मिळणारी शक्ति दिवसाच्या एकूण शक्तीच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, आणि जमल्यास विसाव्या हिश्शाच्या आंत ठेवावी. हा विसावा हिस्सा सामान्य प्रौढ मनुष्यास सुमारें २५ ग्रॅम पडतो, आणि या मोजणींत मध व फळांचा रसहि धरलेला आहे. म्हणजे निरोगी मनुष्यानेंहि दिवसभरांत घ्यावयाची साखर एका बाटलींतच संपून जाते.

येथें कित्येक भाबड्या समजुती आडव्या येतात. पहिली गुळाची. साखर वाईट असेल, पण गूळ औषधी आहे, असें म्हणून पन्ह्यांत गुळाचा खडा निःशंकपणें टाकला जातो. गुळांत थोडे क्षार असतात हें खरें. परंतु त्याचा बहुतेक भाग साखरच आहे, आणि रक्तांत गेल्यावर ती गुळाची कीं साखरेची, हा भेद उरत नाहीं. मधाचीहि तीच गोष्ट. त्यांत जवळजवळ चार पंचमांश साखर असते. दुसरी समजूत नीरेची. वर्ध्याच्या मगनवाडींत १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघामुळें ताडगूळ व नीरा यांचें नांव या भागांत आदरानें घेतलें जातें, आणि तें योग्यच आहे. पण जिच्यापासून गूळ होतो, ती नीरा मधुमेह्यास चालेल कशी?

तिसरी समजूत फळांच्या रसाची, आणि नागपूरकरांस ती सोडणें सर्वांत जड जातें. नागपुरी संत्र्याला २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. घरचें फळ, डोळ्यांदेखत पिळलेला रस, वरून साखर नाहीं. मग त्यांत दोष तो कोणता? दोष प्रमाणाचा आहे. एक पेला रसास तीन-चार संत्रीं लागतात. तितकीं संत्रीं सोलून, फोडी चावून खावयाचीं म्हटलीं तर वेळ लागतो, पोट भरतें, आणि फळांतील चोथा साखरेस रक्तांत सावकाश सोडतो. रस मात्र दोन घोटांत संपतो आणि साखर धांवत जाते. म्हणून ज्याची साखर ताब्यांत आहे, त्यानें एक संत्रें खावें. चार संत्रीं पिऊं नयेत. टरबुजासहि हाच नियम लावावा. एक बेताची फोड खाण्यास हरकत नाहीं, परंतु त्याचा रस काढून पेलेच्या पेले रिचवूं नयेत.

मग प्यावें काय? श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. आपल्याकडील जुनीं पेयें मूळचीं आंबट, खारट व सुवासिक आहेत. गोडी त्यांत मागाहून घातली जाते. ती तेवढी वगळली कीं पुष्कळ काम होतें.

पहिला मान पाण्याचा. माठांतलें, वाळ्याचा वास लागलेलें पाणी, हें सर्वांत निर्दोष शीत पेय होय. वाळ्याचें पाणी व वाळ्याचें सरबत यांत मात्र गल्लत करूं नये. बाटलींतील हिरवें सरबत हा साखरेचा पाक असतो.

दुसरा मान ताकाचा. एक वाटी दह्यांत तीन वाट्या पाणी घालून घुसळावें, लोणी काढून घ्यावें, आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, आल्याचा कीस, कोथिंबीर व चिमूटभर मीठ घालावें. याचे तीन पेले होतात, आणि एकेका पेल्यांत दुधाची स्वाभाविक साखर सुमारें दोन-तीन ग्रॅमच येते. जेवणांत ताक आणि उन्हांतून आल्यावर ताक, असा नेम ठेवल्यास पुष्कळशी तहान तेथेंच भागते. लस्सी हें ताकाचें भावंड खरें, पण साखरेमुळें तें बिघडलेलें आहे.

तिसरें पन्हें. कैरी निखाऱ्यावर भाजावी किंवा उकडावी, गर काढून कुसकरावा, आणि एका पेल्यास दोन चमचे गर घेऊन त्यांत गार पाणी, जिरेपूड, पुदिना, किंचित् मिरपूड व सैंधव घालावें. गुळाच्या पन्ह्याची संवय असलेल्या जिभेस पहिल्या दिवशीं हें चमत्कारिक लागेल. आठवड्याभरांत तेंच बरें वाटूं लागतें. जीभ ही शिकविल्यास शिकते.

चौथें लिंबाचें पाणी, मीठ-जिरें घालून केलेलें. त्यांत भिजविलेला सब्जा चमचाभर घातला, तर त्याच्या बुळबुळीत चोथ्यानें पोटास शांतता वाटते. पांचवें कोंकणांतलें आमसुलाचें पाणी. आमसुलें तासभर भिजवून कुसकरावीं, गाळावीं आणि जिरें-मीठ घालून प्यावें. अमृत कोकम या नांवानें जें मिळतें, तें मात्र साखरेंत मुरविलेलें असतें. सहावें नारळाचें पाणी. त्यांत थोडी साखर असते, म्हणून दिवसांतून एका शहाळ्यापलीकडे जाऊं नये, आणि आंतील मलई अल्पच घ्यावी.

ज्वारीच्या पिठाची आंबील आणि सातूचें पीठ यांचा उल्लेख निराळा केला पाहिजे. ताक घालून केलेली आंबील वैशाखांत फार सुखकारक असते. परंतु ती अन्न आहे, केवळ पेय नव्हे. त्यांतील पिठाची शेवटीं साखरच होते. म्हणून आंबील घेतल्यास त्या मानानें भाकरी कमी करावी. सातूहि गुळावांचून, ताकांत व मिठांत कालवावा, आणि जेवणाच्या हिशेबांत धरावा.

बाजारांतून कांहीं घ्यावयाचेंच असेल, तर वेष्टणावरील बारीक अक्षरें वाचावीं. जो घटक सर्वांत अधिक, त्याचें नांव यादींत प्रथम येतें. साखर घातलेली नाहीं असें ठळक छापलेलें असलें, तरी फळाची साखर आंत असूं शकते. कृत्रिम गोडीच्या पेयांनीं रक्तांतील साखर तशी वाढत नाहीं. क्वचित् कोणी घेतल्यास आकांत करण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांनीं जिभेची गोडाची ओढ कायम राहते, म्हणून त्यांचा नेम करूं नये.

आतां तीन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली मिठाची. ज्यांस रक्तदाब आहे, त्यांनीं या पेयांतील मीठ नांवापुरतेंच ठेवावें. ज्यांचीं मूत्रपिंडें अशक्त झालीं आहेत किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनीं पाणी किती प्यावें आणि नारळपाणी घ्यावें कीं नाहीं, हें डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावें. लघवी वाढविणारीं किंवा लघवीवाटे साखर घालविणारीं औषधें चालू असतील, तर उन्हाळा लागतांच त्यांच्याविषयीं विचारून घ्यावें.

दुसरी जुलाब-वांतीची. अशा वेळीं जलसंजीवनी मधुमेह्यासहि देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणें तिच्या एका लिटरांत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतें, आणि तें गोडीसाठीं नसून आंतड्यांतून मीठ व पाणी शोषलें जावें म्हणून असतें. तिच्या नांवाखालीं गोड पेयें विकलीं जात असत. ऑक्टोबर २०२५ मध्यें अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणानें त्यांस तें नांव वापरण्यास मनाई केली. म्हणून औषधाच्या दुकानांतून सूत्राप्रमाणें केलेली पुडीच मागावी, आणि साखर वारंवार तपासावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधीं कधीं एकाएकीं फार खालीं येते. उन्हांत कातडीखालील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि इन्शुलिन लवकर भिनतें, म्हणून उन्हाळ्यांत हें भय अधिक. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणें असंबद्ध होतें. घरचे लोक त्यास ऊन लागलें असें समजून गार पाणी देत बसतात. अशा वेळीं आतांपर्यंत सांगितलेलें सर्व पथ्य बाजूस ठेवावें. तीन-चार चमचे साखर अर्ध्या पेला पाण्यांत विरघळवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनीं साखर तपासावी, आणि ती ७० मिलिग्रॅमच्या खालींच असल्यास पुन्हां तितकीच द्यावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडांत कांहींहि न घालतां रुग्णालय गांठावें. जें पेय एरव्हीं वर्ज्य, तेंच त्या घटकेस प्राण वांचवितें. म्हणून मधुमेही मनुष्यानें बाहेर निघतांना पाण्याच्या बाटलीबरोबर खिशांत साखरेची पुडीहि ठेवावी.

शेवटीं एक गोष्ट यजमानांसाठीं. पथ्य मोडतें तें बहुधा बाजारांत नव्हे, तर स्नेह्यांच्या घरीं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास पन्हें व कैरीची डाळ पुढें येते. पाहुणी नको म्हणते, तर आग्रह होतो कीं, घोटभर घ्या, एवढ्यानें काय होतें? पांच घरचे पांच घोट मिळून पेला भरतो, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं. पाहुणीस नाहीं म्हणण्याचा संकोच, आणि कारण सांगण्याचा त्याहून अधिक. या संकोचापायीं कित्येक जणी सणावारीं बाहेर जाणेंच टाळूं लागतात. रोगानें जेवढें हिरावून घेतलें नव्हतें, तेवढें आग्रहानें हिरावून घेतलें, असें व्हावयास नको.

याचा उपाय अगदीं सोपा आहे. कैरीचा गर शिजला कीं गूळ घालण्यापूर्वीं त्याचा एक भाग बाजूस काढावा, त्यांत जिरें-सैंधव घालावें, आणि दोन भांडीं शेजारीं शेजारीं मांडून विचारावें, गोड देऊं कीं खारें? मग कोणास आपला रोग सांगावा लागत नाहीं, आणि कोणास तहानलेलें परत जावें लागत नाहीं. वैशाखांत उदककुंभाचें दान करणाऱ्या आपल्या समाजास हें दुसरें भांडें जड होऊं नये.