पोलादावरचे शुल्क आणि न्यायालयाची पायरी

(लघुउद्योजकांच्या एका स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



प्रारंभीच एक कबुली देतो. मी कला शाखेचा पदवीधर. पोलादाशी माझा संबंध सकाळच्या चहाच्या पातेल्यापुरता आणि वृत्तपत्राच्या व्यापारपानापुरता. परंतु तीस वर्षे बातम्या वाचता-लिहिता एक गोष्ट ध्यानात आली, की आपल्या देशात ज्या निर्णयांवर सर्वांत कमी चर्चा होते, तेच निर्णय पुष्कळदा कारखान्याच्या ताळेबंदात खोलवर शिरलेले असतात. अँटी-डंपिंग शुल्क हा त्यांतलाच एक विषय. पाठ्यपुस्तकात त्याला 'अवपुंजन' असा भारदस्त प्रतिशब्द आहे. पण 'चीनने अवपुंजन केले' असे म्हणणारा व्यापारी मला अजून भेटलेला नाही. तेव्हा आपण बाजारातलाच शब्द वापरू.

विषय अवघड नाही. समजा, परदेशातील एखादा कारखाना स्वतःच्या देशात पत्रा साठ हजार रुपये टनाने विकतो आणि तोच पत्रा आपल्याकडे अठ्ठेचाळीस हजारांना पाठवतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. मधले बारा हजार म्हणजे डंपिंगची तफावत. तथापि स्वस्त विकणे हा काही गुन्हा नव्हे. त्या स्वस्ताईने येथील उद्योगाला इजा झाली, आणि ती इजा त्याच आयातीमुळे झाली, हे सिद्ध व्हावे लागते. डंपिंग, इजा आणि दोहोंमधील कार्यकारणभाव या तीन पायऱ्या चढल्याशिवाय शुल्क लागत नाही. शिवाय आपल्याकडे आणखी एक नियम आहे. इजा भरून काढायला सात हजार पुरेसे असतील, तर शुल्कही सात हजारच. पूर्ण बारा हजार नाही. अमेरिकेत हा संयम नाही, तेथे पूर्ण तफावत वसूल केली जाते.

हे सारे १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातील ९ अ या कलमात आणि १९९५ च्या नियमांत आहे. चौकशी करणारा अधिकारी वाणिज्य मंत्रालयाचा. त्याच्या कार्यालयाला २०१८ पासून व्यापार उपाय महासंचालनालय म्हणतात. तो केवळ शिफारस करतो. शुल्क लावण्याचा अधिकार अर्थ मंत्रालयाचा. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, ही व्यवस्था वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु पुढचे बहुतेक वाद याच फटीतून उगवले आहेत.

आता या सभागृहाकडेच पाहा. येथे कुणी कॉइल आणून पत्रा कापतो, कुणी भांडी दाबतो, कुणी मोटारींचे सुटे भाग करतो, आणि ज्यांची स्वतःची रोलिंग मिल आहे असेही एक-दोघे मला ओळखीचे दिसतात. मिलवाल्याला शुल्क हवे; भांडीवाल्याला ते नको. दोघेही याच मातीतले, दोघांकडेही येथलीच माणसे राबतात. 'स्वदेशी' हा शब्द उच्चारून हा पेच सुटत नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पोलाद हे एकाचे उत्पादन असते आणि दुसऱ्याचा कच्चा माल. म्हणूनच निर्णय कुणाच्या बाजूने लागला यापेक्षा तो कसा घेतला गेला, हा प्रश्न मला मोठा वाटतो. न्यायालयेही नेमका हाच प्रश्न विचारतात.

न्यायालय काय करते आणि काय करत नाही, याविषयी आपल्याकडे बराच गैरसमज आहे. पोलादाचा योग्य भाव किती, हे कोणताही न्यायाधीश सांगत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या करारात तर स्पष्टच म्हटले आहे, की अधिकाऱ्याने तथ्ये नीट गोळा केली असतील आणि त्यांचे मूल्यमापन निःपक्षपातीपणे व वस्तुनिष्ठपणे केले असेल, तर लवादाने स्वतःचा निष्कर्ष वेगळा निघाला असता एवढ्याच कारणासाठी तो निर्णय उलटवू नये. त्याच करारानुसार प्रत्येक सदस्यदेशात स्वतंत्र न्यायिक फेरतपासणीची सोय असणेही बंधनकारक आहे. आपल्याकडे ती ९ क या कलमात आहे. नव्वद दिवसांच्या आत सीमाशुल्क, उत्पादनशुल्क व सेवाकर अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. तेथे अध्यक्षांसह किमान तिघांचे विशेष पीठ बसते, आणि त्यात एक न्यायिक व एक तांत्रिक सदस्य असावा लागतो. एवढे भारदस्त पीठ जमवायचे म्हणजे वेळ लागणारच. शुल्काची मुदत मात्र पाच वर्षांचीच असते.

सर्वोच्च न्यायालयाने या क्षेत्रात जी शिस्त आणली, तिचा लाभ पुढे पोलादालाही झाला, जरी ते खटले दुसऱ्याच मालाचे होते. २००६ च्या रिलायन्स प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की हा अधिकारी अर्धन्यायिक काम करतो. कुणी 'गोपनीय' असा शिक्का मारला म्हणून ती माहिती आपोआप गोपनीय ठरत नाही. २०११ मध्ये मोटारींच्या टायरांचे प्रकरण आले. तेथे सुनावणी एका अधिकाऱ्यापुढे झाली, त्याची बदली झाली आणि अंतिम निष्कर्ष त्याच्या जागी आलेल्याने दिला. न्यायालयाने ते नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध ठरवले. ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यावा, हे तत्त्व आपल्या गावच्या पंचांनाही ठाऊक होते. सचिवालयाला ते दिल्लीतील सर्वोच्च पीठाकडून ऐकावे लागले!

आता आपणच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होतो, त्या प्रकरणाकडे वळतो. १९९९ साली अमेरिकेतील पोलाद कंपन्यांनी तक्रार केली, की भारतातून येणाऱ्या जाड प्लेट कमी भावाने विकल्या जात आहेत. चौकशीच्या फेऱ्यात आली आपली सार्वजनिक क्षेत्रातील स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे 'सेल'. अमेरिकी अधिकारी कागदपत्रे पडताळायला येथे आले. सेलचा देशांतर्गत विक्रीचा आणि उत्पादनखर्चाचा हिशेब त्यांच्या कसोटीला उतरला नाही. हे येथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या कंपनीची कागदोपत्री तयारी अपुरी होती. परंतु अमेरिकेतील विक्रीच्या किमतींची जी यादी दिली होती, तिच्यात प्लेटच्या रुंदीविषयीची एक चूक सोडली, तर फारसे वावगे नव्हते, आणि ती चूकही दुरुस्त होण्याजोगी होती. अमेरिकी वाणिज्य विभागाने मात्र सारीच माहिती बाजूला सारली आणि तक्रारदारांनी आपल्या अर्जात मांडलेली सर्वांत मोठी तफावत उचलून शुल्क ठरवले : ७२.४९ टक्के.

म्हणजे फिर्यादीने सांगितलेला आकडा हाच न्यायनिवाडा! एवढ्या शुल्कापुढे निर्यात कशी टिकावी?

सेल अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेली. तेथील न्यायालयाचा २००१ मधील युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. अर्धवट माहिती स्वीकारायची ठरवली, तर कंपन्या सोयीची तेवढीच माहिती खरी देतील आणि गैरसोयीची बिघडवतील, असे त्याचे म्हणणे. हा तर्क अगदीच टाकाऊ नाही. दुसरीकडे भारत सरकारने २००० च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नोंदवली होती. तेथील लवादाचा अहवाल जून २००२ मध्ये आला. त्याने म्हटले, की अमेरिकेतील विक्रीच्या किमतींची माहिती का वापरता येत नाही, याचे समाधानकारक कारण अमेरिकेने दिलेले नाही. त्यामुळे करारभंग झाला आहे. भारताच्या इतर बऱ्याच मागण्या मात्र त्याने फेटाळल्या. विकसनशील देश म्हणून आपल्याला विशेष सवलतीने वागवायला हवे होते, ही मागणीही टिकली नाही. एकच कागद, एकच आकडे, आणि दोन न्यायासने दोन दिशांना. त्या सुमारास वृत्तपत्रांत 'भारताचा विजय' अशा मथळ्यांची आपल्याला सवय झाली होती. पूर्ण अहवाल वाचल्यावर मला तो विजय अर्धाच वाटला.

आता अगदी अलीकडचे. चीनमधून येणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सपाट मालावर २०१७ च्या सप्टेंबरमध्ये पाच वर्षांसाठी शुल्क लागले. ते अनुदानविरोधी शुल्क, म्हणजे अँटी-डंपिंगचे सख्खे चुलत भावंड. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते तात्पुरते स्थगित झाले आणि १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात मागेच घेतले गेले. त्याच दिवशी लेपित पोलाद, मिश्रधातूच्या सळ्या आणि हायस्पीड स्टील यांवरील अँटी-डंपिंग शुल्केही गेली. कारण दिले गेले, धातूंचे चढे भाव आणि व्यापक जनहित. त्या सायंकाळी भांडी करणाऱ्या माझ्या एका जुन्या मित्राचा फोन आला, "अरे, आज पेढे!" दुसऱ्या दिवशी दुसरा एक परिचित भेटला, तो स्टेनलेस पट्ट्यांच्या धंद्यातला. त्याचा चेहरा मी येथे वर्णन करत नाही.

हे प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने शुल्क मागे घेणारी ती अधिसूचना रद्द ठरवली. जे शुल्क रीतसर चौकशी करून लावले, ते मुदतीआधी काढायचे असेल तर रीतसर फेरतपासणी हवी. अर्थसंकल्पाच्या एका फटकाऱ्याने ते पुसता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. लावताना सुनावणी आणि काढताना नुसती सही, हे कसे चालेल? मला हा निकाल मनापासून पटला, भांडीवाल्या मित्राची नाराजी पत्करून. अर्थात एक विचित्र योगही होता. शुल्काची मूळ पाच वर्षांची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

याच सुमारास दुसरा वाद पेटला होता. अधिकाऱ्याने शुल्काची शिफारस केली आणि अर्थ मंत्रालयाने ती स्वीकारलीच नाही, तर दाद कुठे मागायची? अपील न्यायाधिकरणाने २०२१ पासून असे म्हणायला सुरुवात केली, की हा नकारही आमच्यापुढे आव्हान देण्याजोगा आहे. मंत्रालयाने कारणे द्यावीत. त्यावर २०२३ च्या वित्त कायद्याने ही कलमेच दुरुस्त झाली आणि तीही थेट १ जानेवारी १९९५ पासून, पूर्वलक्षी प्रभावाने. अपील अधिकाऱ्याने केलेल्या निर्धारणाविरुद्ध वा फेरतपासणीविरुद्ध असेल, मंत्रालयाच्या निर्णयाविरुद्ध नव्हे, असा तिचा अर्थ सामान्यतः लावला जातो. धोरण ठरवण्याचा अधिकार शासनाला हवाच; याविषयी माझे दुमत नाही. परंतु अठ्ठावीस वर्षे मागे जाऊन कायदा बदलणे मला रुचले नाही, आणि ते आपल्या मर्जीतल्या शासनाने केले वा नावडत्या शासनाने केले, यावर माझे मत अवलंबून नाही. उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग खुला आहे. पण लहान उद्योजकाला तो किती परवडतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

जागतिक पातळीवरची अवस्था तर याहून बिकट आहे. २०१५ मध्ये आपण पोलादावर संरक्षक शुल्क लावले, त्याविरुद्ध जपानने तक्रार केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये लवादाचा अहवाल आपल्याविरुद्ध गेला, आपण डिसेंबरात अपील केले. डिसेंबर २०१९ पासून ते अपील मंडळच ठप्प आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या. न्यायासनच रिकामे, मग निकाल कुठला? एप्रिल २०२५ मध्ये आपण सपाट पोलादावर पुन्हा १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लावले, ते याच पोकळीत.

शेवटी तुमच्या उपयोगाची एक गोष्ट. १९९५ च्या नियमांतील सहाव्या नियमानुसार, चौकशीखालील माल वापरणाऱ्या उद्योगांना आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. चौकशी सुरू झाल्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते. मोठ्या मिलचे वकील पहिल्या दिवसापासून हजर असतात. माल वापरणाऱ्या लहान कारखान्यांची बाकडी बहुधा रिकामी असतात. पुढे अपिलात न्यायालय मूळ चौकशीत कोणी काय मांडले, हेच पाहते. तेथे जे मांडलेच नाही, ते वर जाऊन सांगणे फार कठीण. तुमच्या संघटनेने या सूचना दर आठवड्याला पाहण्याचे काम एखाद्या तरुण सभासदाकडे सोपवावे, एवढे सुचवतो. राजपत्र वाचायला कला शाखेची पदवीही पुरते. कुणाचे काही प्रश्न असतील, तर आता घेऊ.