झाड गेलं, बुडखा राहिला



परसातलं एखादं झाड तोडायची वेळ कधीतरी येतेच. सुबाभळीने कंपाउंडची भिंत फोडलेली असते, किंवा वळवाच्या वादळात गुलमोहर अर्ध्यातून मोडलेला असतो. तोडणारे सकाळी येतात, दोर बांधून फांद्या उतरवतात, दुपारपर्यंत ओंडके टेम्पोत भरून जातात. जागेवर राहतो तो बुडखा. तो काढून देणं त्यांच्या बोलीत नसतं, आणि आपल्यालाही ते आठवतं टेम्पो वळल्यावर.

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. बुडख्याचा विचार झाड उभं असताना करायचा असतो. तो मुळासकट ओढून काढायचा असेल, तर खोड छातीइतकं उंच ठेवून कापायला सांगा. ते चार फुटांचं खोड हीच तुमची तरफ असते. कुजवायचा असेल, तर उलट, जमिनीलगत कापायला सांगा. काहीच सांगितलं नाही तर सवयीने तो जमिनीसरसा कापला जातो, कारण लाकूड त्यांना विकायचं असतं. मग उपटायला धरायचं काय, हा प्रश्न आपला.

परवानगीची गोष्टही आधीचीच. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि नगरपालिकांच्या हद्दीत १९७५चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे, आणि झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्या कायद्यात ‘तोडणं’ म्हणजे फक्त करवत लावणं नव्हे. झाड जाळणं, त्याला इजा करणं हेही त्यातच येतं. तेव्हा बुंध्यात गुपचूप काहीतरी ओतून ‘आपोआप वाळलं हो’ म्हणण्याची युक्ती मनात असेल, तर ती सोडून द्या.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. बुडखा चिवट का असतो? कारण बहुतेक वेळा तो मेलेलाच नसतो. पानांनी वर्षभर तयार केलेलं अन्न झाड मुळांत पिष्टाच्या रूपात साठवून ठेवतं. खोड गेलं तरी तो साठा जमिनीखाली शाबूत असतो, आणि सालीखालच्या निद्रिस्त डोळ्यांतून फुटवे येऊ लागतात. सुबाभूळ यात पहिल्या नंबरची. मूळची मेक्सिकोकडची. आपल्याकडे सत्तरीच्या दशकात उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी आणि त्यांच्या बाएफ संस्थेने चाऱ्यासाठी, सरपणासाठी तिचा मोठा प्रसार केला. का? तर कापली की पुन्हा फुटते म्हणून. शेतकऱ्याला जो गुण वाटला, तोच बंगल्याच्या बागेत वैताग होतो. निलगिरी, शेवगा, गिरिपुष्पही त्याच पंगतीतले. सुरू मात्र कापल्यावर फारसा फुटत नाही. आणि सागाचं तर विचारूच नका. वनखात्याच्या रोपवाटिकेत सागाची जी ‘जडी’ मिळते, ती म्हणजे रोपाचं मूळ आणि वर बोटभर खोड. पान एकही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ती पुरली की साग उभा राहतो. बोटभर खुंटात एवढी ताकद, मग परसातल्या बुडख्याची काय कथा!

हा साठा सगळ्यात कमी कधी असतो, ते पाहून तोडणी केली तर अर्धं काम होतं. पानगळीच्या झाडांची चैत्रपालवी मुळांतला साठा खर्चूनच येते. पालवी पुरती फुटली, पण नव्या पानांनी कमाई सुरू करून मुळांना परतफेड केलेली नाही, असा तो काळ. वैशाखात तेव्हा झाड कापलं तर फुटवे दुबळे येतात. ऐन थंडीत कापलं, तर साठा भरलेला असतो आणि पहिल्या उष्म्याबरोबर झुडूप उभं राहतं. त्यानंतरही दर पंधरा-वीस दिवसांनी फुटवे खुडत राहायचं. पानं मोठी होऊ द्यायची नाहीत, म्हणजे साठ्यात भर पडत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण बुडखा मरतो तो यानेच.

फुटवे नसले म्हणजे बुडखा मेला, असंही समजू नका. न्यूझीलंडमध्ये मार्टिन बाडर आणि सेबास्टियन लॉयझिंगर या दोन शास्त्रज्ञांनी २०१९ साली कौरी जातीच्या एका बुडख्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पान एकही नाही, तरी जिवंत. शेजारच्या कौरी वृक्षांच्या मुळांशी त्याची मुळं सांधली गेली होती, आणि त्या झाडांची पानं रात्री किंवा पावसात थंडावली की याच्यात पाणी वाहायचं. एकाच जातीच्या झाडांची मुळं अशी जोडली जाणं आपल्याकडेही नवं नाही. म्हणून एका बुडख्यावर तणनाशक लावताना शेजारी त्याच जातीचं झाड ठेवायचं असेल, तर दहादा विचार करा. औषधाला कुंपण कळत नाही.

आता उपटण्याविषयी. झाडाची मुळं पाताळात गेलेली असतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत पसरलेली असतात, आणि बुडखा घट्ट धरून ठेवतात ती ही आडवी मुळंच. तेव्हा खाली खणत बसण्याआधी भोवती खणा. बुडख्यापासून दीड-दोन फुटांवर गोल चर काढायचा. दिवस निवडायचा तो वाफशाचा. काळी माती मे महिन्यात दगड होते आणि जुलैत चिखल होऊन फावड्याला चिकटते. गणपती उठले, पाऊस ओसरला, की तिला वाफसा येतो. तोच मुहूर्त. कोकणात जांभ्याच्या भेगांत मुळं शिरलेली असतात, तिथे कुदळीपेक्षा पहार कामाची.

मूळ उघडं पडलं की पाण्याच्या पाइपने माती धुऊन काढा. मातीतल्या खड्यांनी कुऱ्हाडीची धार तासाभरात जाते, म्हणून चांगली कुऱ्हाड घरात ठेवून जुनी बाहेर काढावी. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढून टाकायचा. एकदाच तोडलं तर पुढच्या घावाला जागा राहत नाही. मग त्या उंच ठेवलेल्या खोडाला धरून हलवून बघा. ज्या बाजूला हलत नाही, तिथे खाली अजून मूळ आहे. शेवटी चेनपुली लावता येते, मात्र ती दुसऱ्या झाडाला बांधणार असाल तर सालीभोवती गोणपाट गुंडाळा. ट्रॅक्टर लावला, तर साखळी मागे खालच्या हुकालाच अडकवा. ती उंचावर बांधली तर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं आणि तो मागे उलटतो. ताणलेल्या साखळीच्या रेषेत कुणीही उभं राहू नये, पोरं तर आवारातच नकोत. जेसीबीवाला दहा मिनिटांत बुडखा उचलून देतो हे खरं, पण जाता-येता बागेची माती दाबून जातो, आणि नळाची लाइन कुठून गेलीय हे त्याला माहीत नसतं.

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी कुजवण्याचा मार्ग. इथे चाणक्याची गोष्ट आठवते. पायात दर्भ रुतला म्हणून त्याने दर्भाच्या मुळांत ताक ओतलं, असं आपण ऐकत आलोय. दर्भाचं माहीत नाही, लाकडाला ताकाने काही होत नाही. लाकडातलं लिग्निन पचवू शकते ती मुख्यतः बुरशी, आणि तिला ओल लागते, हवा लागते आणि नत्र लागतं. लाकडात नत्र नावालाच असतं. म्हणून बुडख्यावर इंचभर रुंद, वीतभर खोल भोकं पाडायची, त्यांत शेणकाला आणि थोडा युरिया भरायचा, वर माती आणि पालापाचोळा टाकून ओल टिकवायची. परदेशात सोरा वापरतात, त्याचंही तत्त्व तेच, नत्र पुरवण्याचं. गुलमोहराचं लाकूड हलकं, ते दोन-तीन पावसाळ्यांत भुसभुशीत होतं. बाभूळ, साग वर्षानुवर्षं दाद देत नाहीत. मीठ, रॉकेल, डिझेल ओतू नका. बुडख्याचं जे होईल ते होईल, माती मात्र नासते, आणि विहीर जवळ असली तर पाणीही. हिंग भरल्याने झाड मरतं, यावर गावोगाव विश्वास आहे. मी हिंग आमटीसाठी ठेवतो.

नारळाला मात्र यातलं काहीही लागू नाही. नारळाला डोळे नसतात, वाढीचा कोंब एकच आणि तो शेंड्याला. तो तुटला की झाड संपलं, फुटव्यांची भीती नाही. पण कुजणारा नारळाचा बुडखा म्हणजे गेंड्या भुंग्याचं बाळंतघर. त्याच्या अळ्या तिथे पोसतात, आणि भुंगे उडून शेजारच्या जित्या माडाचा कोवळा सुरळा पोखरतात. पुढे तीच झावळी कात्रीने कापल्यासारखी उलगडते. तेव्हा कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रोत्यांनी माडाचा बुडखा कुजवत ठेवू नये. खणून, फोडून, वाळवून चुलीत घालावा.

झाड रोगाने गेलं असेल, बुंध्याशी लाकडासारखी कडक, तपकिरी छत्री उगवलेली असेल, तर ती गॅनोडर्मा बुरशी असू शकते. गुलमोहरात आणि माडात ती सर्रास दिसते, आणि मुळांवाटे शेजारी जाते. असा बुडखाही कुजवायचा नाही, मुळांसकट काढायचा, आणि त्या खड्ड्यात लगेच माड किंवा गुलमोहर लावायचा नाही.

खड्डा भरताना माती थरांनी टाकून पाणी मारा आणि वर थोडा उंचवटा ठेवा, कारण राहिलेली मुळं कुजत जातील तशी जमीन बसत जाते. फरशी, पेव्हर ब्लॉक त्यावर एवढ्यात नकोत. भुसा मातीत मिसळला असेल, तर तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि तिथे लावलेली रोपं पिवळी पडतात. अशा जागी पहिलं वर्षभर भरपूर शेणखत घालून ताग किंवा चवळी पेरावी. त्यांच्या मुळांवरच्या गाठी नत्र स्वतःच मिळवतात.