मांजरेच्या उगमाकडील आडवाट

बीड जिल्ह्याची जुनी विभागणी दोन नांवांत आहे: गोदेकांठची सपाट गंगथडी आणि दक्षिणेचा डोंगराळ बालाघाट. सायकलस्वारानें बालाघाटच निवडावा. सोलापूर-धुळें मार्गाची वर्दळ सोडून पाटोदा तालुक्यांतील आडवाटेस लागलें कीं, मोटारींचा आवाज विरत जातो. पुढें सुमारें ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीस मिळणारी मांजरा येथें एखाद्या ओढ्याएवढीच दिसते. नायगांवास १९९४ पासून मोरांचें अभयारण्य आहे. चढावर उतरून सायकल हातीं धरण्यांत कमीपणा नाहीं. मात्र बाभळीच्या कांट्यांसाठीं ठिगळांचें सामान हवेंच.

प्रवासास हिंवाळा उत्तम. पण त्या दिवसांतील शांततेला दुसरेंही कारण आहे. दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायको मिळून मुकादमाच्या हिशेबीं एकच ‘कोयता’! मागें उरतात कुलपें लावलेलीं दारें, ओट्यावरचीं म्हातारीं माणसें आणि त्यांच्यापाशीं ठेवलेलीं नातवंडें. तीं पाहुण्यास प्रथम पाणीच देऊं करतील. तें पुष्कळदां दुरून आणलेलें असतें. म्हणून सायकलस्वारानें आपली बाटली भरून न्यावी.